पोर्ट बंद करा, फाईली हलक्या करा

पत्र : कोल्हापुरात शाहूपुरीत आमचं तळमजल्यावर घर आहे. माझ्या सासऱ्यांनी १९९९ ते २००८ या काळात घरातली लग्नं, बारशी, जोतिबाची यात्रा, दसरा चौकातला सोहळा असं भरपूर चित्रण केलं. त्या बावीस मिनी डीव्ही कॅसेटी दुकानातून कॉम्प्युटरवर घेऊन आणल्या. दुकानदाराने दिलेल्या एव्हीआय फाईलींच्या मी एमपी-४ फाईली केल्या, त्यात मोबाईलवरचे व्हिडिओ घातले आणि आपले व्हिडिओ टीव्ही-मोबाईलवर दाखवणारं जेलीफिन घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवलं. चौथ्या पिढीचा आय-३ आहे, विंडोज १०, एक टीबीची डिस्क. घरात टीव्हीवर जुनं चित्रण दिसतं, पण माणसं हलली की रेघा येतात. मोबाईलवरचे नवे व्हिडिओ अडकत चालतात. बाहेरून जेलीफिनपर्यंत पोचता यावं म्हणून राउटरमध्ये त्याचा ८०९६ पोर्ट फॉरवर्ड केला, तरी मोबाईल डेटावरून काही उघडत नाही. पुण्याचे दीर, म्युनिकची नणंद आणि गडहिंग्लजच्या आत्ती यांना हे बघता यावं एवढीच इच्छा आहे. आत्ती अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्या म्हणतात, ‘बटण दाबलं की लागाय पायजे, बाकी मला कळत न्हाई.’ जेलीफिनऐवजी तसंच असलेलं प्लेक्स घ्यावं का? आणि लाईट गेली की सगळं बंद पडतं, त्याचं काय?

उत्तर :

ताई, पुढचं वाचायच्या आधी राउटरमध्ये जाऊन तो ८०९६ चा नियम काढून टाका. तो तुमच्या कामाला येत नाही आणि उद्या चुकून यायला लागला तर त्रासच देईल.

येत का नाही, ते आधी बघू. राउटरच्या पानावर इंटरनेट किंवा वॅन स्टेटस असा भाग असतो. तिथला पत्ता कागदावर लिहून घ्या. मग ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी काय’ असं शोधा आणि जो पत्ता येईल तो त्याच्याशी ताडून बघा. दोन्ही जुळले नाहीत आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने किंवा १० ने सुरू होत असेल, तर तुम्हाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळालेलाच नाही. कंपनी एकाच पत्त्यामागे अनेक घरं बसवते. याला सीजी-नॅट म्हणतात, आणि १००.६४ चा तो पट्टा २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. अपार्टमेंटचं फाटक एक आणि आत पन्नास बिऱ्हाडं, असा हा प्रकार. तुम्ही आपल्या फ्लॅटचं दार उघडं ठेवलंत, पण फाटकावरच्या माणसाला पाहुणा कुणाकडे सोडायचा हे माहीतच नाही. तुमच्या राउटरमध्ये कितीही नियम लिहिले तरी फाटक कंपनीच्या ताब्यात आहे.

महिन्याला जादा पैसे भरून स्थिर आयपी घेता येतो. तुमच्या कामासाठी घेऊ नका. साध्या ८०९६ पोर्टवरून पासवर्ड उघडाच जातो, वाटेत तो कुणालाही वाचता येईल असा. शिवाय उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतात. तुमचा कॉम्प्युटर विंडोज १० वर आहे, त्याची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा यंत्राला थेट रस्त्यावर बसवायचं नसतं. सवड मिळाली की त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट घाला, जेलीफिन तिथेही तसंच चालतं.

प्लेक्सचं विचारलंत. २९ एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून आपलेच व्हिडिओ बघायलाही प्लेक्सवर पैसे पडतात. एकतर मालकाने पास घ्यायचा, नाहीतर बघणाऱ्याने. त्यांची ॲप देखणी आहेत, पण चार माणसांच्या घरगुती चित्रणासाठी हा खर्च नको. जेलीफिन बसवलंय ते उत्तम आहे, तेच ठेवा.

बाहेरून पोचायला टेलस्केल वापरा, म्हणजे दूरदूरची यंत्रं इंटरनेटवरून खाजगी वाटेने जोडणारा प्रोग्रॅम. वायरगार्ड नावाच्या तंत्रावर ते उभं आहे, घरगुती वापराला फुकट आहे, आणि सीजी-नॅटच्या आतूनच बाहेर जोड काढतं, त्यामुळे राउटरला हात लावावा लागत नाही. सगळी वाहतूक कुलूपबंद जाते. कॉम्प्युटरवर ते बसवलं की यंत्राला १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळतो. कंपनीच्या पट्ट्यातलाच दिसतो म्हणून गोंधळू नका, हा टेलस्केलचा आहे. ब्राउझरमध्ये किंवा जेलीफिनच्या ॲपमध्ये तो पत्ता, मग विसर्गासारखी दोन टिंबं आणि ८०९६ असं लिहायचं.

दीर आणि नणंद यांना तुमच्या खात्याचा पासवर्ड देऊ नका. टेलस्केलच्या वेबपानावर ‘मशीन्स’मध्ये कॉम्प्युटरच्या नावापुढच्या तीन टिंबांवर ‘शेअर’ आहे. तिथून दुवा तयार करून व्हॉट्सॲपवर पाठवा. ते आपापल्या गुगल खात्याने आत येतील आणि त्यांना तुमचा तेवढा एक कॉम्प्युटर दिसेल, बाकी घर नाही. जेलीफिनमध्येही प्रत्येकाचा वेगळा वापरकर्ता करा. व्यवस्थापक फक्त तुम्ही. बाकीच्यांच्या नावापुढची फाईली पुसण्याची परवानगी काढा, डाउनलोडची ठेवा आणि ‘रिमोट कनेक्शन’ला मुभा द्या. ही शेवटची खूण राहिली तर पासवर्ड बरोबर असूनही माणूस बाहेरच उभा राहतो, कारण टेलस्केलचा पत्ता जेलीफिनला घरातला वाटत नाही.

इथे तीन गोष्टी हमखास चुकतात. विंडोजवर टेलस्केलच्या मेनूत ‘रन अनअटेंडेड’ला खूण केली नाही, तर कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन कुणी लॉगिन करेपर्यंत जोड तुटलेली राहते. दुसरी, विंडोजच्या झोपेची सेटिंग ‘नेव्हर’ हवी. तिसरी सगळ्यात फसवी आहे. यंत्राची ओळख पटवणारी टेलस्केलची किल्ली १८० दिवसांनी आपोआप संपते. दिवाळीत लावून दिलेलं सगळं उन्हाळ्यात एकाएकी बंद पडतं आणि कारण कुणाला सुचत नाही. त्याच ‘मशीन्स’च्या पानावर तुमच्या कॉम्प्युटरसाठी आणि आत्तींच्या टीव्हीसाठी ‘डिसेबल की एक्स्पायरी’ करून टाका.

आता फाईलींकडे. तुमची खरी अडचण इथेच आहे, आणि नवं यंत्र घेऊन ती सुटायची नाही.

नवे फोन बहुधा एच.२६५ म्हणजे एचईव्हीसी प्रकारात चित्रण करतात. समोरच्या टीव्हीला किंवा ब्राउझरला तो प्रकार येत नसला, किंवा मधल्या लाईनला तेवढा भार झेपत नसला, की जेलीफिन बघता बघता त्याचं रूपांतर करायला बसतं. चौथ्या पिढीच्या आय-३ मधल्या व्हिडिओच्या भागाला एच.२६४ कळतं, एचईव्हीसी उलगडता येत नाही. मग सगळा बोजा मुख्य प्रोसेसरवर पडतो, पंखा घोंघावतो आणि चित्र अडकतं. खात्री करायची तर व्हिडिओ चालू असताना जेलीफिनच्या डॅशबोर्डवर बघा. ‘डायरेक्ट प्ले’ दिसलं तर कॉम्प्युटर तयार फाईल नुसती पानात वाढतोय. ‘ट्रान्सकोडिंग’ दिसलं तर तो स्वयंपाकाला बसलाय, आणि कशामुळे तेही तिथेच लिहिलेलं असतं.

आकारही बघा. आयफोनवर ४के, ३० फ्रेमचा एक मिनिट साधारण १७० एमबीचा होतो, म्हणजे सेकंदाला जवळपास २३ मेगाबिट. एवढा प्रवाह शाहूपुरीतून म्युनिकला विनाखंड जाईल अशी अपेक्षा धरू नका.

म्हणून प्रत्येक व्हिडिओच्या दोन प्रती ठेवा. मूळ फाईल ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये राहील. तिला हात लावायचा नाही, जेलीफिनलाही दाखवायची नाही. दुसरी बघायची प्रत. ती हँडब्रेक या फुकट प्रोग्रॅममध्ये करा. मोबाईलच्या व्हिडिओंना ‘फास्ट १०८०पी३०’ घ्या, व्हिडिओ एच.२६४, ‘ॲव्हरेज बिटरेट’ ५००० (म्हणजे सेकंदाला पाच मेगाबिट), आवाज एएसी १६०, आणि ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ला खूण. या खुणेमुळे फाईलीची अनुक्रमणिका शेवटी न पडता सुरुवातीला येते आणि लांबून उघडताना चक्र फिरत राहत नाही. अशी तासाभराची फाईल सव्वादोन जीबीच्या आसपास होते. पुढच्या चित्रणासाठी फोनच १०८०पीवर ठेवा, आयफोन असेल तर एचडीआर बंद करा. नाहीतर रूपांतरात रंग फिकट पडतात.

रेघांचं कारण वेगळं. मिनी डीव्हीचा कॅमेरा पूर्ण चित्र एका वेळी टिपत नाही. आधी एक सोडून एक ओळी, मग उरलेल्या. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं असतात. दसरा चौकात सोनं लुटायला हात झेपावला, की दोन अर्ध्या चित्रांमध्ये तो हात वेगवेगळ्या जागी असतो. तुमच्या कन्व्हर्टरने ती दोन अर्धी तशीच एकावर एक चिकटवली, म्हणून हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. एकदा चिकटवलेलं नंतर नीट सुटत नाही. त्या एमपी-४ फाईली सोडा आणि दुकानदाराच्या एव्हीआयकडे परत जा. त्या अजून आहेत ना, हे आजच बघा. तासाच्या कॅसेटची एव्हीआय साधारण १३ जीबीची असते, त्या हिशेबाने बावीस कॅसेटींना २८६ जीबी व्हायला हवेत. फोल्डर २० जीबीचंच असेल तर दुकानदाराने आवळलेली प्रत दिली आहे. कॅसेटी घेऊन परत जा आणि फायरवायर केबलने उतरवलेली डीव्ही-एव्हीआय मागा.

या एव्हीआयना हँडब्रेकमध्ये ‘फास्ट ५७६पी२५’ घ्या, पण दोन बदल करून. ‘फिल्टर्स’मध्ये डीइंटरलेसला ‘याडिफ’ आणि त्याचा प्रकार ‘बॉब’. मग ‘व्हिडिओ’मध्ये फ्रेमरेट २५ चा ५० करा. हा दुसरा बदल विसरलात तर बॉबने मोकळी केलेली निम्मी हालचाल परत फेकली जाते, आणि पालखी झटके देत चालल्यासारखी दिसते. गुणवत्ता आरएफ २० ठेवा. आधी दोन मिनिटांचा तुकडा करून टीव्हीवर बघा, माणसं ताणल्यासारखी किंवा चेपल्यासारखी दिसत नाहीत ना हे पारखा, आणि मगच बावीस रांगेत लावून रात्रभर सोडा. हे काम एकदाच करायचं असल्यामुळे आय-३ ला वेळ लागला तरी बिघडत नाही.

जेलीफिनमध्ये संग्रहाचा प्रकार ‘होम व्हिडिओज अँड फोटोज’ असू द्या. ‘मूव्हीज’ निवडलात तर ते नावावरून इंटरनेटवर शोध घेतं आणि तुमच्या घरच्या लग्नाला भलत्याच सिनेमाचं पोस्टर लावून मोकळं होतं. फोल्डरांची नावं साल आधी घालून द्या: ‘२००३ दसरा चौक’, ‘२००५ जोतिबा’. फोटोंसाठी जेलीफिन कामचलाऊच आहे. फोटो हजारांत असतील तर खास फोटोंसाठीचं इमिच वेगळं बसवा.

म्युनिकचा हिशेब वेळेचाही आहे. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. नणंद रात्री नऊला बसल्या की इथे साडेबारा ते दीड वाजलेले असतात. झोपताना कॉम्प्युटर बंद करायची घरची सवय असेल तर त्यांना कधीच काही दिसायचं नाही. त्यातच जेलीफिनची चॅप्टर चित्रं काढण्यासारखी जड कामं पहाटे दोन-तीनला लागतात. ‘शेड्युल्ड टास्क्स’मध्ये जाऊन ती सकाळी दहावर टाका. इतक्या लांबच्या वाटेवर एकेक जोड मंदावते, तुमची अपलोड गती चांगली असली तरी. म्हणून त्यांच्या वापरकर्त्याला इंटरनेट बिटरेटची मर्यादा ४ मेगाबिट घाला आणि वर पाच मेगाबिटने केलेल्या मोबाईलच्या व्हिडिओंना डाउनलोड हाच मार्ग सांगा: सकाळी उतरवून ठेवायचं, संध्याकाळी बघायचं. जुन्या कॅसेटींच्या प्रती मुळातच लहान, त्या सहसा थेट चालतील. मर्यादा घातल्यावर मोठ्या फाईली पुन्हा स्वयंपाकात जातात हे लक्षात असू द्या, पण एच.२६४ वरून एच.२६४ एवढं काम तुमच्या प्रोसेसरला जमतं, फक्त प्लेबॅकमध्ये ‘क्विक सिंक’ चालू करा, म्हणजे प्रोसेसरमधला व्हिडिओचा भाग कामाला लागेल. तरीही अडकलं तर टेलस्केलमध्ये जोड थेट आहे की ‘रिले’वरून जातेय ते बघा. रिले म्हणजे तिसऱ्याच्या यंत्रावरून वळसा, आणि तो मंद असतो. पुण्यालाही हेच लागू. दिरांच्या ऑफिसच्या वायफायवर रिले दिसेल आणि घरी थेट होईल, असं सर्रास होतं.

आत्तींचं काम मात्र फोनवरून सांगून होणार नाही, गडहिंग्लजला एकदा जाऊनच करावं लागेल. टीव्हीत गुगल टीव्ही नसेल तर त्याची काडी लावा, तीवर टेलस्केल आणि जेलीफिन ही दोन ॲप. टेलस्केल टीव्हीवर चौकोनी कोड दाखवतं, तो तुमच्या फोनने टिपून टीव्ही तुमच्याच खात्यात घ्या, म्हणजे देखभाल तुमच्याकडे राहील. मग अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये टेलस्केल ‘ऑलवेज ऑन’ सापडलं तर ते करा, आणि टीव्ही दोनदा मुख्य बटणावरून बंद-चालू करून जोड आपोआप येते का ते तिथेच उभं राहून बघा. जेलीफिनचा पासवर्ड रिमोटने लिहायची शिक्षा नको. ‘क्विक कनेक्ट’ निवडलं की पडद्यावर सहा आकडे येतात. तुम्ही तुमच्या फोनवर आत्तींच्या नावाने आत जाऊन तेवढे आकडे भरायचे. पुढे कधी लॉगिन सुटलं तरी आत्तींनी पडद्यावरचे सहा आकडे फोनवर वाचून दाखवायचे, बस्स. मुख्य पानावर त्यांच्यासाठी एकच संग्रह दिसू द्या, दहा नकोत.

त्यांच्याकडे फायबर आहे की मोबाईलचं नेट, हे पत्रात नाही. दिवसाला दीड जीबीचा रिचार्ज असेल तर हिशेब सरळ आहे: चार मेगाबिटने तास बघितला की १.८ जीबी, म्हणजे लग्न अर्धवट राहून डेटा संपला. दोन मेगाबिटची मर्यादा घातली तर तासाला ९०० एमबी. आणि नेट कच्चंच असेल, तर ही सगळी खटपट बाजूला ठेवून बघायच्या प्रती ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर घालून टीव्हीच्या मागे लावून द्या. जुने टीव्ही फॅट३२ प्रकारच वाचतात आणि त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही, पण आपल्या प्रती त्याहून लहानच असतील. आत्तींना हवं ते बटण हेच आहे, त्यात कमीपणा काही नाही.

लाईटचं बघू. कॉम्प्युटरच्या बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ला ‘पॉवर ऑन’ करा, म्हणजे वीज आल्यावर तो आपण होऊन सुरू होईल. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण ‘यूपीएस’ बाजूला आहे का बघा. साध्या बाजूला असेल तर लाईट जाताच बदल व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात कॉम्प्युटर पडतो, आणि डिस्कसाठी ते वाईट. राउटर आणि फायबरचा डबा या दोन्हींनाही बॅटरी हवी, एकाला दिली आणि दुसऱ्याला नाही तर उपयोग शून्य. जुना कॉम्प्युटर ६० वॅट खात असेल तर महिन्याला ४३ युनिट होतात. एन-१०० प्रोसेसरचा मिनी पीसी १०-१२ वॅटमध्ये भागवतो, म्हणजे सात ते नऊ युनिट, आणि एचईव्हीसीही त्याला येतं. पण तो पुढे कधीतरी. आधी पैसे डिस्कवर घाला.

कारण सध्या तुमच्याकडे सगळं एका डिस्कवर आहे, एकाच प्रतीत, शाहूपुरीत, तळमजल्यावर. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेने काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. दोन टीबीच्या दोन डिस्क घ्या. एक कॉम्प्युटरला, जमिनीपासून उंच फळीवर. दुसरीवर ‘मूळ’ फोल्डर पूर्ण उतरवा, त्यातल्या चार-पाच फाईली उघडून चालतात का बघा, आणि ती डिस्क दिरांच्या हाती पुण्याला पाठवा. दर दिवाळीला ते येताना आणतील, नवं भरून परत नेतील. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागलं की घरातली डिस्क काढून वर न्यायची, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघायची नाही.

कॅसेटी टाकू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह उभ्या ठेवा. एखाद्या कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅमेऱ्यात घालून बघायचा मोह आवरा. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते.